ब्रेक्झिटमुळे भारतीयांचे भाग्य उजळल्याचा दावा करणाऱ्या संदेशाला उत्तर

ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या कौटुंबिक आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. ब्रिटनने युरोपीय संघाला लाथ मारली आणि त्याचबरोबर भारतीयांचेही भाग्य उजळले, असा त्याचा एकूण सूर असून खाली सात मुद्दे आणि ‘सर्व माहिती ब्रिटिश सरकारची’ अशी ग्वाही दिलेली आहे. असे संदेश मी एरवी न वाचताच पुढे सरकवतो. हा तसा सोडता आला नाही, कारण तो घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या माझ्या ताईच्या घरी पोहोचला आणि त्यातल्या पाचव्या मुद्द्यावर विसंबून भावोजींनी भाचीला इंग्लंडला धाडण्यासाठी राहता फ्लॅट तारण ठेवण्याची बोलणी बँकेशी सुरू केली.

संदेशातले दावे थोडक्यात असे आहेत. ब्रिटनला स्वतःचे चलन, स्वतःच्या सीमा आणि निळा पासपोर्ट परत मिळाला. दर आठवड्याला युरोपला जाणारे ३५ कोटी पौंड वाचले आणि ते सरकारी आरोग्यसेवेकडे वळले. युरोपचा एकही नियम आता लागू नसल्यामुळे व्यापार झेपावला. भारताशी मुक्त व्यापार करार झाला, जो संघात राहून कधीच झाला नसता. युरोपीय विद्यार्थी आणि कामगार परत गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागा भारतीयांसाठी राखून ठेवल्या आहेत. करोनाची लस ब्रिटनने सर्वांआधी दिली, तीही ब्रेक्झिटच्याच जोरावर. आणि शेवटी, इटली, फ्रान्स, नेदरलँड्स आणि हंगेरी आता बाहेर पडण्याच्या रांगेत उभे आहेत.

संघात राहावे की बाहेर पडावे हा त्या देशाच्या मतदारांचा अधिकार आहे आणि २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्क्यांनी तो बजावला. आपले कायदे आपल्याच संसदेने करावेत असे वाटण्यात वेडगळ काही नाही. माझा आक्षेप हिशेबाला आहे. या संदेशात ब्रेक्झिटच्या नावावर जमा केलेल्या बहुतेक गोष्टी संघात असतानाही लंडनच्याच हातात होत्या, आणि ज्या गोष्टी खरोखर ब्रसेल्सच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयाच्या, हातात होत्या त्या सोडवून घेताना काय किंमत मोजावी लागली, याचा संदेशात उल्लेखच नाही.

क्रम मोडून पाचवा मुद्दा आधी घेतो, कारण कर्ज त्याच्यावर उभे राहणार आहे.

‘राखून ठेवलेल्या जागा’ अशी कोणतीही सोय ब्रिटिश विद्यापीठांत नाही, पूर्वी नव्हती आणि ब्रेक्झिटनंतरही झालेली नाही. घडले ते इतकेच, की ऑगस्ट २०२१ पासून युरोपीय विद्यार्थ्यांना स्थानिक दराने शुल्क भरण्याची आणि सरकारी शैक्षणिक कर्जाची सवलत बंद झाली, त्यांनाही परदेशी दर लागू झाला आणि त्यांचे नवे प्रवेश एका वर्षात निम्म्याहून खाली आले. भारतीय विद्यार्थी आधीही परदेशी दरानेच शुल्क भरत होता आणि आजही तेच भरतो. युरोपचा मुलगा आला नाही म्हणून आपल्या मुलीची फी एका पौंडाने कमी झालेली नाही, आणि तिच्या प्रवेशाचा अर्ज कुठल्या वेगळ्या यादीतही जात नाही.

आता व्हिसाकडे वळू. युरोपीय संघाबाहेरच्या देशांतून कोणाला येऊ द्यायचे, किती काळ राहू द्यायचे आणि शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला किती मुदत द्यायची, हे ब्रिटन संघाचा सदस्य असतानाही स्वतःच ठरवत होता. याचा धडधडीत पुरावा आपल्याच विद्यार्थ्यांच्या संख्येत आहे. थेरेसा मे गृहमंत्री असताना एप्रिल २०१२ मध्ये ब्रिटनने शिक्षणानंतर दोन वर्षे काम करण्याचा व्हिसा बंद केला. २०१०-११ मध्ये तिथे ३९ हजारांच्या आसपास भारतीय विद्यार्थी होते, ते २०१६-१७ पर्यंत १७ हजारांच्या घरात घसरले. ही घसरण झाली तेव्हा ब्रिटन संघात होता आणि ब्रसेल्सने त्यात बोटही घातलेले नव्हते. पुढे २०१९ मध्ये तसाच व्हिसा पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली, १ जुलै २०२१ पासून ‘ग्रॅज्युएट रूट’ या नावाने तो सुरू झाला आणि २०२२-२३ पर्यंत भारतीय विद्यार्थी पावणेदोन लाखांच्या आसपास पोहोचले. दरवाजा लावला लंडनने आणि उघडलाही लंडननेच. त्यासाठी संघ सोडण्याची गरज नव्हती.

यात अर्धसत्य आहे आणि ते मान्य करायला हवे. युरोपीय नागरिकांना ब्रिटनमध्ये येऊन मुक्तपणे काम करण्याचा जो हक्क होता तो २०२० च्या अखेरीस संपला, मनुष्यबळ तर हवे होते, म्हणून सरकारने इतर देशांतल्या लोकांसाठी कामाच्या व्हिसाच्या अटी बऱ्याच सैल केल्या. त्याचा सर्वांत मोठा लाभ भारतीयांना झाला. परिचारिका, संगणक अभियंते, वृद्धांची शुश्रूषा करणारे कर्मचारी असे हजारो लोक त्या दोन-तीन वर्षांत गेले. भावोजींच्या ओळखीतले जे दोघे-तिघे तिकडे स्थिरावले ते याच लाटेतले आहेत, आणि त्यांच्याकडे पाहून या संदेशावर विश्वास बसतो हेही मला समजते.

पण ती लाट ओसरली आहे, आणि ओसरण्याचे कारणही ब्रेक्झिटच आहे. परदेशातून येणारे लोक कमी व्हावेत म्हणून ज्यांनी मत दिले होते त्यांना दिसले ते उलटेच. सार्वमताच्या वर्षी निव्वळ स्थलांतर, म्हणजे आलेल्यांतून गेलेले वजा जाता उरणारी संख्या, साडेतीन लाखांच्या आत होते, ते २०२३ मध्ये वर्षाला नऊ लाखांवर गेले. त्यानंतर दोन्ही पक्षांच्या सरकारांनी एकामागून एक अटी आवळायला घेतल्या. जानेवारी २०२४ पासून साध्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला जोडीदार किंवा मुले सोबत नेता येत नाहीत. कुशल कामगाराच्या व्हिसासाठी लागणारा किमान वार्षिक पगार २६,२०० पौंड होता, तो एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० झाला आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० झाला. नुकतेच शिक्षण पूर्ण केलेल्यांना यात सवलत आहे, पण ती सवलतीची मर्यादाही ३३,४०० पौंड आहे. शुश्रूषा कर्मचाऱ्यांची परदेशातून भरती जुलै २०२५ मध्ये बंदच झाली. ज्या ग्रॅज्युएट रूटच्या भरवशावर कर्जाचे हप्ते मांडले जातात त्याची मुदतही १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांसाठी दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर येणार आहे. म्हणजे यापुढे एक वर्षाच्या मास्टर्सला जाणाऱ्या मुलीने दोन वर्षे गृहीत धरून हिशेब केला, तर तो पहिल्याच ओळीला चुकतो.

भाचीच्या खर्चाच्या कागदावर मला आणखी एक गोष्ट दिसली नाही. विद्यार्थ्याला व्हिसाच्या शुल्काशिवाय आरोग्य अधिभार भरावा लागतो आणि तो फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला ७७६ पौंड आहे. व्हिसा जितक्या काळाचा, तितक्या काळाची ही रक्कम अर्ज करतानाच एकरकमी भरायची असते. संदेशात ब्रिटिश आरोग्यसेवेला मिळालेल्या पैशांचे इतके कौतुक आहे, पण त्या सेवेसाठी आपल्या मुलांकडून आगाऊ घेतल्या जाणाऱ्या पैशांबद्दल चकार शब्द नाही. भाचीने जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. तिचे गुण चांगले आहेत आणि विषय चांगला आहे. फक्त फ्लॅटवर बोजा चढवण्याआधी अठरा महिन्यांत ३३,४०० पौंडांची नोकरी देणारे त्या विषयात किती आहेत, हे त्या विद्यापीठाकडून लेखी मागवावे. कोणी अज्ञात माणसाने ‘जागा राखीव’ असे लिहिले, एवढ्यावर घर तारण ठेवायचे नसते.

पहिला मुद्दा सर्वांत हास्यास्पद आहे. ब्रिटनला स्वतःचे चलन ‘परत’ मिळाले म्हणे. ब्रिटनने युरो कधी स्वीकारलाच नव्हता. १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारातच त्याने युरोबाहेर राहण्याची सवलत मिळवली होती आणि सदस्यत्वाची सगळी वर्षे लंडनच्या दुकानांत पौंडच चालत होता. सार्वमताचा निकाल लागला त्या सकाळी हाच पौंड डॉलरच्या तुलनेत १९८५ नंतरच्या नीचांकावर कोसळला, हे मात्र खरे आहे. सीमांचेही तसेच. युरोपातल्या बहुतेक देशांत एकाच व्हिसावर, सीमेवर तपासणी न होता फिरू देणाऱ्या शेंगेन व्यवस्थेत ब्रिटन कधीच नव्हता. २०१६ च्या आधी युरोपची सहल केलेल्या कोणालाही विचारा, शेंगेनचा व्हिसा वेगळा आणि ब्रिटनचा वेगळा, असे दोनदा कागद जमवल्याची तक्रार तो अजून करील. पासपोर्टचा रंग काय असावा याची संघाने कधीही सक्ती केली नव्हती. क्रोएशिया संघात आहे आणि त्याचा पासपोर्ट गडद निळा आहे. स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून मिरवलेल्या त्या नव्या निळ्या पासपोर्टचे कंत्राट एका ब्रिटिश कंपनीला डावलून फ्रेंच-डच कंपनीला गेले आणि त्याची पुस्तिका पोलंडमध्ये तयार होऊ लागली. यावर आणखी काही लिहावे असे वाटत नाही.

दर आठवड्याला ३५ कोटी पौंड हा आकडा बाहेर पडण्याच्या बाजूच्या प्रचाराच्या लाल बसवर रंगवलेला होता. ती ढोबळ रक्कम होती. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी १९८४ मध्ये भांडून मिळवलेली वर्गणीतली सूट त्यातून आधीच वजा होत असे, त्यामुळे तेवढे पैसे देशाबाहेर कधी गेलेच नाहीत. २०१६ मध्ये सूट वजा जाता ब्रिटनने १३.१ अब्ज पौंड दिले आणि शेतकरी अनुदान, मागास भागांचा विकास अशा रूपाने साडेचार अब्जांच्या आसपास परत आले. निव्वळ हिशेब आठवड्याला साडेसोळा कोटींच्या जवळपास जातो, म्हणजे बसवरच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. सार्वमतानंतर सव्वा वर्षाने, बाहेर पडण्याच्या प्रचाराचे नेते बोरिस जॉन्सन यांनी तोच आकडा पुन्हा वापरला तेव्हा देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी त्यांना जाहीर पत्र लिहून हा अधिकृत आकडेवारीचा उघड गैरवापर असल्याचे सुनावले. संदेश म्हणतो त्याप्रमाणे माहिती ब्रिटिश सरकारची असेल, तर हे पत्रही तिथलेच आहे.

शिवाय वाचलेल्या रकमेचा विचार एकट्याने करता येत नाही, समोर काय गमावले तेही मांडावे लागते. इथे एकच आधार पुरेसा आहे. ब्रिटनच्या अर्थसंकल्पाचे अंदाज सरकार स्वतः काढत नाही, २०१० पासून ते काम ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी या स्वतंत्र अधिकृत संस्थेकडे आहे आणि हुजूर व मजूर दोन्ही पक्षांचे अर्थमंत्री तिच्याच आकड्यांवर अर्थसंकल्प उभा करतात. या संस्थेचे वर्षानुवर्षे कायम राहिलेले अनुमान असे, की संघात राहिला असता त्या तुलनेत ब्रिटनची आयात आणि निर्यात दीर्घकाळात १५ टक्क्यांनी कमी राहील आणि उत्पादकता चार टक्क्यांनी. अर्थव्यवस्थेचे चार टक्के म्हणजे वर्षाला शंभर अब्ज पौंडांच्या आसपासची रक्कम होते. वाचलेल्या साडेआठ अब्जांसमोर ती ठेवून पाहावी. हे अनुमान आहे, मोजमाप नव्हे, आणि महामारी व युक्रेनचे युद्ध यांचा परिणाम वेगळा काढणे अवघड आहे, हे मी नाकारत नाही. सार्वमताआधी ब्रिटिश अर्थखात्याने बाहेर पडण्याच्या बाजूने नुसते मत पडले तरी वर्षभराची मंदी येईल असे भाकीत केले होते आणि ते सपशेल खोटे ठरले, हेही बाहेर पडण्याच्या समर्थकांच्या बाजूने नोंदवायला हवे. मंदी आली नाही, पण म्हणून भरभराट झाली असे होत नाही.

व्यापार कसा घटतो हे मला आकड्यांपेक्षा कागदांतून जास्त कळते, कारण माझा दिवस त्यातच जातो. न्हावा शेवा बंदरातून जाणाऱ्या मालाच्या कस्टम क्लिअरिंगचे काम मी नवी मुंबईत करतो. तमिळनाडूतल्या तिरुपूरचे टी-शर्ट इंग्लंडच्या गोदामात उतरले की तिथे एकदा जकात भरायची, आणि मग त्यातलेच काही खोके डब्लिनला किंवा पॅरिसला पाठवायचे, ही पूर्वीची सरळ रीत होती. संघाच्या आत माल एकदा शिरला की पुढे कोणी अडवत नसे. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन आणि संघ यांच्यात जकातमुक्त करार असूनही त्या शर्टावर डब्लिनला पुन्हा जकात लागू लागली, कारण सवलत ब्रिटनमध्ये बनलेल्या मालाला आहे आणि शर्ट बनला आहे भारतात. आमच्याकडचे काही निर्यातदार त्यानंतर एकाच्या जागी दोन शिपिंग बिले, म्हणजे निर्यातीचे कस्टमचे कागद, काढू लागले, एक ब्रिटनसाठी आणि एक थेट नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरासाठी. मालाच्या उगमाचे प्रमाणपत्र वेगळे, इन्व्हॉइस वेगळे, पॅकिंग लिस्ट वेगळी, आणि त्यात कुठे वर्गवारीच्या क्रमांकाचा एक अंक जुळला नाही की माल पडून राहणार. ब्रिटिश गोदामवाल्याचे मधले कमिशन अशा रीतीने बुडाले. याला झेप म्हणायचे असेल तर म्हणावे.

‘युरोपचा एकही नियम लागू नाही’ या वाक्यात मात्र आपल्या कोकणाशी संबंध असलेला एक खरा धागा आहे. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंब्याला आणि त्याबरोबर अळू, कारले, पडवळ व वांगे यांना बंदी केली होती. हापूसचा हंगाम ऐन भरात असताना वाशीच्या बाजारातले निर्यातदार हात चोळत बसले आणि लंडन-लेस्टरचे भारतीय व्यापारी आपल्या सरकारकडे गाऱ्हाणे घेऊन गेले. ब्रिटनला आंबा हवा असूनही त्याला एकट्याला काही करता येत नव्हते, कारण निर्णय सगळ्या संघाचा होता. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. संघाबाहेर असता तर लंडनला हा निर्णय स्वतंत्रपणे घेता आला असता, हे बाहेर पडण्याच्या बाजूचे मला पटणारे उदाहरण आहे.

परंतु बाहेर पडल्यावर ब्रिटनने या स्वातंत्र्याचे काय केले तेही पाहावे. वनस्पती आणि अन्न यांच्या सुरक्षेचे युरोपीय नियम त्याने मोठ्या प्रमाणात तसेच्या तसे आपल्या कायद्यात उतरवून घेतले. दरम्यान त्याचे स्वतःचे मांस, चीज आणि शिंपले युरोपात पाठवताना पशुवैद्यकाच्या सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र लागू लागले, छोटे निर्यातदार जेरीस आले, आणि अखेर १९ मे २०२५ रोजी लंडनमध्ये झालेल्या शिखर बैठकीत ब्रिटनने अन्न आणि शेतमालाबाबत युरोपचे नियम, ते बदलतील तसतसे, पाळत राहण्याच्या कराराला तत्त्वतः संमती दिली. त्याच बैठकीत युरोपीय मच्छीमारांना ब्रिटिश पाण्यात २०३८ पर्यंत मासेमारीची मुभा मिळाली. उत्तर आयर्लंडमध्ये तर मालाबाबतचे युरोपीय नियम कधी सुटलेच नव्हते, आणि ब्रिटन व संघ यांच्यात ठरलेल्या २०२३ च्या विंडसर आराखड्यानेही ते बऱ्याच अंशी कायम ठेवले. युरोपीय संघाच्या संशोधनाच्या होरायझन योजनेत ब्रिटन २०२४ पासून पैसे भरून परतला आहे. सोसायटीचे सभासदत्व सोडून मेंटेनन्स चालू ठेवावा आणि सर्वसाधारण सभेत बसायला मात्र मिळू नये, तशी ही स्थिती आहे.

भारताशी झालेल्या कराराबद्दल थोडे. २४ जुलै २०२५ रोजी त्यावर सह्या झाल्या आणि तो चांगला करार आहे. ऐरोली-महापेच्या संगणक कंपन्या ज्यांना काही काळासाठी ब्रिटनला पाठवतात, त्यांचे तिथले सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीचे पैसे वाचवणारी तरतूदही त्यासोबत ठरली आहे. संघात राहून ब्रिटनला असा स्वतंत्र करार करता आला नसता, हेही खरे. पण ब्रिटिश सरकारच्याच अंदाजाने त्यांना यातून होणारा दीर्घकालीन लाभ अर्थव्यवस्थेच्या ०.१३ टक्के आहे. वर सांगितलेल्या चार टक्क्यांच्या तो तिसावा हिस्साही भरत नाही. आणि संघात राहून भारताशी करार कधीच झाला नसता असे संदेश छातीठोकपणे सांगतो, तर जानेवारी २०२६ मध्ये नवी दिल्लीत भारत आणि युरोपीय संघ यांच्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली आहे.

उरलेले दोन मुद्दे पटकन संपवतो. लसीला ब्रिटनने २ डिसेंबर २०२० रोजी मान्यता दिली, तेव्हा बाहेर पडल्यानंतरही जुने नियम चालू ठेवणारा संक्रमणकाळ सुरू होता आणि औषधांबाबत युरोपीय कायदाच लागू होता. आणीबाणीत सदस्य देशाने स्वतः मान्यता देण्याची तरतूद त्याच कायद्यात होती, आणि ब्रिटिश औषध नियामक संस्थेच्या प्रमुख जून रेन यांनी त्याच दिवशी ते पत्रकारांना सांगितले होते. बाहेर पडण्याच्या रांगेत म्हणून ज्या चार देशांची नावे दिली आहेत, त्यांपैकी एकानेही संघ सोडण्यावर आजपर्यंत सार्वमत घेतलेले नाही. फ्रान्समध्ये अतिउजव्या नेत्या मरीन ल पेन यांनी २०१७ ची निवडणूक हरल्यानंतर युरो सोडण्याची भाषा बंद केली. हंगेरीच्या व्हिक्टर ओर्बान सरकारचे ब्रसेल्सशी वर्षानुवर्षे जे भांडण चालले, त्यातला एक मोठा मुद्दा अडवून ठेवलेला युरोपीय निधी मिळावा हा होता.